पाच पातेली भात

कोजागिरीला आमच्या गच्चीवर पाच पातेली भात जमला होता. पाच. एक मसालेभात, एक चित्रान्न, एक जिरा राईस, एक पुलाव आणि एक साधा पांढरा, आणि त्या पांढऱ्या भातावर घ्यायला आमटी कुणीच आणली नव्हती, कारण प्रत्येकाला वाटलं आमटी काय, कुणीतरी आणेलच. शिवाय कुंद्याचे, म्हणजे आमच्या बेळगावी खव्याच्या मिठाईचे, चार बॉक्स. भाजी एकच, बटाट्याची, आणि चपात्या एका घरच्या २२. माणसं ४६. पोरांनी कुंदा खाल्ला, मोठ्यांनी भातावर भात खाल्ला, मसाला दूध पिऊन सगळे खाली गेले. कुणी काही बोललं नाही पण मला रात्री झोप लागली नाही, कारण अंगत-पंगत करूया म्हणून सगळ्यांच्या मागं मीच लागले होते.

आम्ही अनगोळात राहतो, बेळगावात. बिल्डिंगमध्ये १४ घरं. मराठी आहेत, कानडी आहेत, दोन घरं जैनांची, एक गोव्याकडचं कुटुंब आणि तिसऱ्या मजल्यावर जूनमध्ये हुबळीहून भाड्यानं आलेलं एक घर. जिन्यात भेटलं की एकजण म्हणतो "जेवण झालं काय?" आणि दुसरा म्हणतो "ऊटा आयतेन री?", तेवढ्यावर वर्षं गेली पण एका पंगतीला सगळे असे कधी बसलोच नव्हतो. माझं लहानपण खानापूरचं, तिथं शाळेत मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडायची आमची पद्धत, हादग्याला घरोघरची खिरापत ओळखायची पद्धत, आणि देवळात सप्ताह उठला की काल्याच्या कीर्तनात दरवर्षी तेच ऐकायचं, गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली आणि कृष्णानं सगळी एकत्र कालवली. कुणाची शिदोरी चांगली कुणाची साधी असं त्यात नाही. ते डोक्यात होतं म्हणून मी ग्रुपवर टाकलं, "कोजागिरीला गच्चीवर अंगत-पंगत, ज्याला जे जमेल ते आणा."

जे जमेल ते आणा, इथंच चुकलं. जे जमेल ते म्हटलं की ज्याला वेळ नाही तो भात टाकतो, नाहीतर ऑफिसातनं येता येता कुंदा घेतो, आणि त्यात त्याचं काहीच चूक नाही, त्याला जमलं ते त्यानं आणलं की. विचारायचं काम माझं होतं, ते मी केलंच नाही.

आणि भाताचं दुःख सगळ्यात कमी. दुसऱ्या मजल्यावरचे जैन काका-काकू आले होते, दोघंही सूर्यास्तानंतर जेवत नाहीत हे मला वर्षानुवर्षं माहीत असून मी जेवण ठेवलं रात्री ८ ला. काका म्हणाले, "असू दे हो, आम्ही बसतो की गप्पा मारत." दोन तास बसले, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. हुबळीच्या घरातला मुलगा, सात वर्षांचा असेल, आईच्या मांडीला टेकून नुसतं केळं खात होता. मला वाटलं लाजतोय. आणि तळमजल्यावरच्या अज्जी आल्याच नाहीत. मी पोराला दोनदा खाली पाठवलं, तर त्यांनी निरोप दिला गुडघे दुखतायत.

सकाळी गच्चीवर गेले तर दोन पातेली भात झाकून तसाच, झाकण काढल्यावर आंबूस वास. समोरच्या वैनी नर्स आहेत, त्या नाईटवरनं येत होत्या, मी म्हटलं फोडणी घालून गरम करून पोरांना देऊ का, तर त्यांनी माझ्या हातातलं पातेलंच काढून घेतलं. म्हणाल्या भातात बॅसिलस सेरियस म्हणून जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, भात बाहेर तसाच राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केलं तरी जात नाही. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांच्या वर ठेवायचं नाही, कडक ऊन असेल तर १ तास. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आपल्याकडं शिळ्या भाताला फोडणी घरोघरी होते, पण तो भात रात्री फ्रीजमध्ये गेलेला असतो का हे कोण विचारतं. दोन पातेली म्हणजे दीड-दोन किलो तांदूळ, आणि तो तांदूळ येळ्ळूरचा बासमती, ज्या घरानं आणला होता त्यांनी पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्यातला. टाकून दिला. ते टाकताना त्या घरातल्या वहिनी जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी बघितलं आणि दार लावून घेतलं.

मग मी ठरवलं की परत करायचं आणि नीट करायचं. कार्तिकात आवळीभोजन करायची आपल्यात पद्धत आहेच, आणि ह्यांच्या एका मित्राचा येळ्ळूरच्या शिवारात मळा आहे, बांधावर मोठी आवळी आहे. दिवसाउजेडी जेवण, म्हणजे जैन काका-काकूंचाही प्रश्न सुटतो. तुळशीची लग्नं चालू होती तेव्हाचा रविवार धरला. ह्यावेळी ग्रुपवर काही टाकलं नाही, दोनशे पानी वही घेतली आणि एकेका दारात गेले. चार संध्याकाळी गेल्या त्यात. पण त्या चार संध्याकाळीत जे कळलं ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

हुबळीच्या वहिनींनी चहा दिला आणि मग हळूच सांगितलं की मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, अजिबात, ओठ सुजतात, श्वास अडकतो, मागं एकदा मध्यरात्री दवाखान्यात पळावं लागलं होतं. त्यांना कोजागिरीला विचारायची लाज वाटली की कशाकशात कूट आहे, नवीन आलोय आणि आल्या आल्या लोकांच्या जेवणात खोड काढतोय असं वाटेल म्हणून. आता आपल्या भागात शेंगदाणा कशात नसतो सांगा? भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, साबुदाण्यात कूट, वरनं शेंगाचटणी. ते पोर केळं खात होतं ते लाजून नव्हे.

जैन काकूंनी सांगितलं आम्हाला कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं काहीच नको, बाकी सगळं चालतं, पण पळी वेगळी ठेवा. एवढंच. पळी वेगळी ठेवणं म्हणजे काही अवघड आहे का? कोजागिरीची ती एकुलती एक भाजी बटाट्याचीच होती हे मला त्यांच्या दारात उभं राहिल्यावर आठवलं.

अज्जींच्या घरी मात्र मी तासभर बसले. एकट्या असतात, मुलगा पुण्याला. मी म्हटलं, अज्जी गुडघे कसे आहेत, तर म्हणाल्या, "गुडघ्यास्नी काय झालंय? चांगले हाईत की." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पन्नास माणसांस्नी मी काय करून आणू गं? आणि हात हलवत जेवायला कसं येऊ?"

मी तिथंच बसून राहिले. मी ज्याला जे जमेल ते म्हटलं तेव्हा माझ्या मनात होतं की कुणावर ओझं नको, आणि अज्जींनी ऐकलं होतं की पन्नास जणांना पुरेल एवढं आणायचं, कारण त्यांच्या काळात पंगतीला नेणं म्हणजे पंगतीला पुरेल एवढंच नेणं. आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनीही तेच ऐकलं होतं, म्हणून तर पाच पातेली. प्रत्येक घरानं एकट्यानं सगळ्यांचं पोट भरायला निघाल्यासारखा स्वयंपाक केला होता.

त्या रात्री वहीत बसून हिशोब केला आणि तो इतका सोपा निघाला की आधी का सुचला नाही असं झालं. माणूस एका वेळी जेवढं जेवतो तेवढंच जेवतो, पदार्थ दोन असोत का चौदा. तेव्हा प्रत्येक घरानं आपल्या घरातल्या माणसांच्या एका जेवणाला चपाती-भाजी-भात-आमटी धरून जेवढं अन्न लागतं तेवढंच आणायचं, फक्त ते सगळं एकाच पदार्थाचं. चार माणसांचं घर असेल तर चार माणसांच्या जेवणाएवढी एकच भाजी. सगळ्यांची बेरीज बरोबर सगळ्यांच्या पोटाएवढी होते. प्रत्येकाच्या पानात प्रत्येकाचं चमचा-चमचा येतं, आणि एखादा पदार्थ शेवटच्याला मिळाला नाही तरी कुणी उपाशी राहत नाही.

अज्जींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे एकटीपुरतंच? एकटीपुरतं तर रोज करतेच की." आणि लगेच डबे शोधायला उठल्या.

वहीत मग रकाने पाडले. भाकरी-चपाती, भात, रस्सा-आमटी, कोरडी भाजी, कोशिंबीर, तोंडी लावणं, गोड, आणि शेवटचा ताक-पाणी-पत्रावळ्या. हा शेवटचा रकाना मुद्दाम, कारण वरचे दोन बॅचलर पोरगे आहेत त्यांना स्वयंपाक येत नाही, आणि एक बाई सकाळी ७ ला फॅक्टरीत जातात त्या संध्याकाळीच येतात, त्यांची सुट्टीही रविवारी नसते, त्यांनी आदल्या दिवशीच लिंबं आणि द्रोण आणून दिले. हे आणणाऱ्यांचं नाव पण त्याच वहीत, त्याच शाईनं.

भाताला फक्त दोन घरं. माणशी साधारण ६० ग्रॅम तांदूळ धरला, एरवी नुसता भात-आमटी असेल तर जास्त लागतो पण इथं बाकीचं इतकं असतं की पुरतो, ४६ माणसांना पावणेतीन किलो. जोंधळ्याची भाकरी एक किलो पिठात १० ते १२ होतात, आणि अशा जेवणात अख्खी भाकरी कुणी घेत नाही, चतकोर चतकोर करून ठेवायच्या म्हणजे वाया जात नाहीत. दहीभात आणणार होत्या त्यांना नर्स वैनींनी सांगितलं भात आणि दही वेगवेगळं आणा, दही बर्फाच्या डब्यातनं, तिथंच कालवायचं.

एवढं सगळं करूनही एक घोटाळा झालाच. वहीत कोरड्या भाज्यांच्या रकान्यात चार नावं होती, मी खुशीत होते, चार भाज्या चार तऱ्हेच्या. शनिवारी संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या कानडी आक्कांकडं गेले तर त्या वांगी चिरत होत्या. म्हटलं काय करताय, तर म्हणाल्या एण्णगाई. आता त्यांच्या शेजारचं घर करणार होतं भरली वांगी. एण्णगाई म्हणजे भरली वांगीच की, मसाल्यात थोडा फरक, आणि मी दोन वेगवेगळ्या भाज्या म्हणून लिहून मोकळी! घाईनं बाकीची दोन बघितली तर एक पुंडी पल्ले आणि एक अंबाडी. तीही एकच. चार नावं आणि भाज्या दोन. इतकी वर्षं बेळगावात राहून आणि बाजारात अर्धं कानडी अर्धं मराठी बोलून माझ्या लक्षात आलं नाही, कारण वहीत नावं वाचताना ती मला वेगवेगळीच वाटली. आक्का हसल्या, पण बदलायला काही तयार होईनात, वांगी चिरून झाली होती. शेवटी अंबाडीवाल्या एका घरानं ती सोडून मटकीची उसळ केली आणि वांगी दोन्ही तशीच राहिली. तेव्हापासून मी वहीत पदार्थाचं नाव लिहून झालं की पुढं "मुख्य जिन्नस" लिहिते.

रविवारी एक ट्रॅक्स आणि तीन गाड्या केल्या. शिवारात सुगी चालू होती, काही वाफ्यात भात कापून आडवा पडलेला, काही ठिकाणी भारे बांधलेले, पिंजाराचा तो ओलसर गोड वास, आणि लांब राजहंसगड. आवळीला हळदकुंकू वाहून सूत गुंडाळलं, खाली ताडपत्री आणि चादरी अंथरल्या आणि डबे एका ओळीत मांडले. प्रत्येक डब्याच्या झाकणावर मी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटपट्टीनं लावल्या होत्या, "शेंगा आहेत", "शेंगा नाहीत", "कांदा-लसूण नाही", मराठीत आणि खाली आक्कांच्या मुलीनं कानडीत लिहिलेलं. शेंगावाले सगळे डबे चादरीच्या एका टोकाला, बिनशेंगांचे दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येकात आपापली पळी, ती दुसऱ्यात जायची नाही. हुबळीच्या वहिनी ती ओळ दोनदा चालत गेल्या. चिठ्ठ्या वाचत. मग त्यांनी मुलाच्या हातात पत्रावळी दिली आणि म्हणाल्या जा, ह्या टोकाचं तुझं तू घे.

ते पोर पुढं गेलं आणि अज्जींच्या डबीपाशी थांबलं. डबी म्हणजे पितळेची, माझ्या मुठीएवढी, आत गुरेळाची म्हणजे कारळ्याची चटणी, काळी, तेलानं चकाकणारी, आणि तिच्याबरोबर तेवढ्याच तुपाची एक वाटी. आईनं घाबरून विचारलं ह्यात शेंगा, किंवा शेंगा वाटलेल्या भांड्यात केलंय का, चिठ्ठीवर नाही असं लिहिलंय पण तरी. अज्जी म्हणाल्या, "दात गेल्यापासनं माझ्या घरात शेंगा येतच न्हाईत गं. खलबत्ता बी माझा मीच धुते." मुलानं चतकोर भाकरीवर चटणी घेतली, तूप घेतलं आणि तिथंच उभ्यानं खाल्लं. मग परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अज्जींनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतः चटणीत तूप कालवून दिलं. एकटीपुरती चटणी, त्यातली अर्धी त्या पोरानंच संपवली असेल.

बाकी काय काय होतं ते सगळं सांगत बसत नाही, पण गोव्याच्या वहिनींचं मिश्र भाज्यांचं खतखतं सांगायलाच पाहिजे. त्यात तिरफळं घातलेली असतात, ज्याला माहीत नाही तो चावतो आणि जीभ बधिर होते, म्हणून त्या स्वतः वाढत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या तिरफळ बाजूला काढा. भातावर घेतलं तर इतकं सुंदर लागलं की मी दोनदा घेतलं. एका घरानं मांडे आणले होते, गाडीत हादऱ्यानं त्यांचा चुरा झाला पण तो चुरा दुधात घालून पोरांनी वाट्या चाटल्या. आणि जैन काकूंनी आणलेली कच्च्या केळ्याची भाजी सगळ्यात आधी संपली. काका ताडपत्रीवर मांडी घालून बसले होते, पत्रावळीत सात-आठ पदार्थ, आणि काकू प्रत्येक चिठ्ठी वाचून त्यांना वाढत होत्या. जेवताना वाऱ्यानं आवळीची बारीक पानं ताटात पडत होती, आमच्या सासूबाई म्हणायच्या पानात आवळीचं पान पडलं तर काढायचं नाही, चांगलं असतं. मी काढलं नाही.

साडेबाराला वाढायला सुरवात केली आणि दोनच्या आत सगळे डबे झाकले, वैनींचा नियम. उरलं काय तर थोडा भात, थोडी मटकी, तेवढंच, आणि ते मळ्यावर कापणीला आलेल्या बायकांना लगेच वाढलं, वेळेत आणि चांगलं असताना.

भांडी ओळखायला अर्धा तास गेला. स्टीलचे डबे सगळे सारखेच दिसतात, मग एकेक उलटा करून नावं वाचायची. कुणावर आईचं नाव, कुणावर माहेरचं आडनाव, एका पातेल्यावर "कै. ... यांच्या स्मरणार्थ", एका तांब्यावर कानडी अक्षरं. अज्जींच्या डबीच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं, त्यांच्या लग्नातलं नाव आणि १९६४. ती डबी मी माझ्या पिशवीत टाकली, म्हटलं धुऊन देते. अज्जी म्हणाल्या, "रिकामी देऊ नको हां." मी म्हटलं, रिकामी कशी देईन अज्जी.

मळ्यावरनं पिशवीभर आवळे आणले होते ते किसून मीठ-आलं लावून गच्चीवर वाळत घातलेत. दोन दिवस सकाळी धुकं पडलं म्हणून वाळायला वेळ लागतोय, अजून मधे मऊ आहेत. डबी ओट्यावर ठेवलीये. वाळले की भरून खाली नेते.